मेल्याचं सोंग

३ तारीख, सोमवार

आज मी नको ते करून बसलो. मॅडमना दाखवायच्या वहीत हे लिहिता येणार नाही, म्हणून ही दुसरी वही. त्या वहीत मी गुणी मुलगा आहे.

झालं असं, की भर परीक्षेत मी मेलो. म्हणजे मेल्याचं सोंग केलं.

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर त्याला कळावं म्हणून आधी माझा धंदा सांगतो. मी पोटासाठी आजारी पडतो. नर्सिंगच्या शाळेत मुलींना खऱ्या पेशंटकडे पाठवायच्या आधी खोट्या पेशंटवर हात साफ करायला देतात, तो खोटा पेशंट मी. दर वेळी शाळेच्या मॅडमकडून एक कार्ड मिळतं. त्यावर वय, कामधंदा, कुठं दुखतं, काय लपवायचं, सगळं लिहिलेलं. कार्डाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. बारावीत दोनदा आपटलोय, पण कळवळायला बारावी लागत नाही.

आजचं कार्ड: ट्रक ड्रायव्हर, वय पंचेचाळीस, पोटात दुखतंय. दारू पितो, पण दोनदा प्रेमानं विचारल्याशिवाय कबूल करायचं नाही. सकाळपासून आठ मुली होऊन गेल्या. दर आठ मिनिटांनी बेल, पडदा सरकला की नवी मुलगी, आणि परत तेच, "काका, कुठं दुखतंय?" मी वीस वर्षांचा आणि पेन्सिलीनं मिशा काढून काका झालेला. कंटाळून जीव जायची वेळ आली. म्हटलं, चला, घालवूनच बघू.

नववी आली ती चाचपडी. हे नाव आम्ही पेशंट लोकांनी ठेवलंय. तिला नाडी सापडत नाही. मनगट धरते, बोटं थरथरतात, इकडे चाचपडते, तिकडे चाचपडते, घामाघूम होते, आणि शेवटी कागदावर बहात्तर लिहून मोकळी होते. तिच्या हाताखाली सगळी दुनिया बहात्तरची.

तिनं मनगट धरलं आणि मी मोठी कळ आल्यासारखं केलं. श्वास कोंडला, पोटाला जोर दिला, मान टाकली. मनात दहा आकडे मोजायचे आणि "भॉक" करून उठायचं, असा बेत.

सहापर्यंत मोजल्याचं आठवतंय.

मग एकदम छातीवर कुणीतरी हातोडा मारतंय असं वाटलं. डोळे उघडले तर चाचपडी खाटेवर चढलेली, केस सुटलेले, दोन्ही तळहात माझ्या छातीवर, आणि मोठ्यानं मोजतेय, "सव्वीस, सत्तावीस..." मी "आई गं!" म्हणालो. कार्डात नव्हतं, पण आतून आलं. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई भिंतीला चिकटल्या होत्या. मॅडमच्या हातातली फाईल खाली पडलेली.

सांगणार होतो, गंमत केली. पण मॅडमचा चेहरा बघितला आणि तोंडातून वेगळंच निघालं, "चक्कर आली वाटतं. सकाळपासून उपाशी आहे." धडधडीत थाप. दोन उकडलेली अंडी आणि पाव हाणून गेलो होतो.

भूमिकेत इतका शिरलो की मधले आकडे कुठं गेले ते कळलंच नाही. नट म्हणून मी भारी आहे, हे आता मान्य करायला हवं. बरगडी ठणकतेय.

४ तारीख, मंगळवार

आमच्याकडे एक पद्धत आहे. कार्ड संपलं की दारातल्या पायपुसण्यावर उभं राहायचं, हात झटकायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "मी तो नाही." मग स्वतःबद्दल एक खरी गोष्ट सांगायची, आणि तेव्हाच बाहेर पडायचं. मॅडम याला उतरवणी म्हणतात. नाही केली तर सोंग अंगाला चिकटून घरी येतं म्हणे. एक बाई वर्षभर दम्याची पेशंट होती, उतरवणी टाळायची. शेवटी आमचा साधा जिना चढताना खरंच धापा टाकायला लागली.

मी आजवर एकदाही खरी गोष्ट सांगितलेली नाही. "मी तो नाही, माझी बहीण पोलिसात आहे." "मी तो नाही, मला झोपेत गाता येतं." मॅडम हसू दाबतात आणि रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करतात.

काल गडबडीत उतरवणी राहिली, म्हणून आज मला एकट्याला बोलावलं. पायपुसण्यावर उभा राहिलो. हात झटकले. "मी तो नाही." आणि पुढं काही येईचना.

"बोल की. काहीही खरं."

खरं सोडा, थापसुद्धा येईना. मला! ज्यानं मुख्याध्यापकांच्या आवाजात शाळेला सुट्टी जाहीर केली होती!

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "राहू दे. उद्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. काल तुझे ओठ निळे पडले होते."

घ्या. मनावर घेतलं तर मी ओठसुद्धा निळे करू शकतो.

६ तारीख, गुरुवार

डॉक्टरांनी छातीला तारा चिकटवल्या आणि कमरेला एक डबी बांधली. दिवसरात्र ठोके लिहून घेते. आंघोळ बंद. चला, एक फायदा झाला.

चाचपडी पास! नुसती पास नाही, बाहेरच्या बाईंनी शेरा मारलाय की वीस वर्षांत असं धैर्य बघितलं नाही. वीस तारखेला तिचा सत्कार आहे. मी पोट धरून हसलो. मग बरगडी दुखली म्हणून थांबलो.

घरी आईला डबी दाखवली. म्हटलं, शाळेचा नवा खेळ आहे. आई कपड्यांच्या इस्त्रीच्या दुकानात काम करते, तिचे हात कायम गरम असतात. तिनं डबीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आईशी मेल्याची गंमत मी आयुष्यात एकदाच केलीय, सात वर्षांचा असताना. तिनं अशी थोबाडीत दिली होती की दोन दिवस कान वाजत होता. त्याला कारण होतं. बाबा गेले ते खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधता बांधता. एकतिसाव्या वर्षी. मी चार वर्षांचा होतो. आमच्या घरात अजून नाडीचे बूट येत नाहीत. चपला नाहीतर सरकवायचे बूट.

१० तारीख, सोमवार

वरच्या मजल्यावर महाराज राहतात. महाराज म्हणजे साधुबिधू नाही. चाळीस वर्षं नाटकात राजे झाले, म्हणून महाराज. आता माझ्यासारखेच पेशंट होतात, बहुतेक मधुमेहाचे. मी त्यांच्या आवाजात खालच्या दुकानदाराला फोन करून बिस्किटं मागवायचो. पकडला गेलो तेव्हा कानफटात मारण्याऐवजी त्यांनी मला मॅडमसमोर नेऊन उभं केलं. धंदा लागला तो असा.

त्यांना मी खरं ते सांगितलं. एका नटानं दुसऱ्याला सांगायला काय हरकत आहे?

"गाढवा," म्हणाले, "मेल्याचं सोंग फार अवघड. मी रंगमंचावर शंभर वेळा मेलोय, दर वेळी नाकावर माशी बसायची."

"मला माशी नव्हती, महाराज. मीच नव्हतो."

"म्हणजे?"

काय सांगू? म्हटलं, सहा आकड्यांनंतर तिथं कुणीच नव्हतं. ड्रायव्हर नव्हता, मी नव्हतो. अंधार म्हणावा तर अंधारही नव्हता. भीती वाटायला कुणी हवं ना, तेही नव्हतं. आणि परत आलो तेव्हा वाटलं, अरे, हे सगळं परत अंगात घालायचं?

महाराज खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "लेका, चाळीस वर्षं रोज मुकुट उतरवून आरशात बघतोय. मुकुट गेला, मिशा गेल्या, रंग गेला. मग उरला तो कोण? दर वेळी वाटायचं, आता दिसेल, आता दिसेल. तेवढ्यात थिएटरवाला दिवे घालवायचा. आणि तू शेंबड्या, पोटदुखीच्या कार्डावर तिथं जाऊन आलास?"

"शिकवू का? सोपं आहे. श्वास कोंडायचा, पोटाला जोर द्यायचा."

अडुसष्ट वर्षांचा माणूस, खुर्चीत ताठ बसून गाल फुगवून लालबुंद झाला. अकराव्या आकड्याला फुटला आणि दहा मिनिटं खोकत बसला. "माझ्या नशिबात नाही," म्हणाले. मी पाणी दिलं. मनात म्हटलं, अंगात कला असावी लागते.

११ तारीख, मंगळवार

आज परत जाऊन आलो. गॅसवर चहा ठेवला होता, आई कामावर निघत होती. म्हटलं, उकळी येईपर्यंत एक फेरी मारू. श्वास कोंडला, जोर दिला. या वेळी पाचपर्यंतच आठवतंय.

उठलो तर फरशीवर. चहा उतू जाऊन गॅस विझलेला, खिडकी सताड उघडी, आणि आई माझ्याशेजारी जमिनीवर बसलेली. थोबाडीत मारेल म्हणून मी गाल झाकला. तिनं मारलं नाही.

म्हटलं, "अगं, नाटक होतं. सराव करत होतो."

आई म्हणाली, "तोपण असाच पडला होता, आधी दोनदा. मीच म्हणायचे, नाटकं करतोय, कामावर जायचा कंटाळा."

म्हणजे बाबापण! आणि मला वाटायचं, ही कला माझ्यात आली कुठून. म्हटलं, "बघ, वंशपरंपरेनं नट आहोत आम्ही," आणि हसलो.

आई हसली नाही. तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि परत श्वास कोंडणार नाही असं वदवून घेतलं. दिलं वचन. आईला दिलेली वचनं मी मोडतो, पण हे मोडणार नाही. तिचा हात थंड होता. असं कधी होत नाही.

१३ तारीख, गुरुवार

डबीचा निकाल. डॉक्टरांनी लांबच लांब पट्टी उलगडली. डोंगर, डोंगर, डोंगर, मग एकदम सपाट रस्ता, मग परत डोंगर. म्हणाले, "हे बघ, इथं हृदय साडेचार सेकंद थांबलंय. इथं पाच. इथं परत." छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं. ठोका चुकला की ते ढुसणी देणार. खर्च शाळेच्या विम्यातून. एकवीस तारखेला सकाळी.

मी विचारलं, "हे सपाट कधी झालं?"

"पहाटे. तू झोपेत होतास."

म्हणजे मी झोपेतपण सोंग करतो! मॅडम म्हणतात तेच खरं, उतरवणी झाली नाही, ते मेल्याचं सोंग चिकटलं मला. पण यंत्राला फसवणं म्हणजे काय चेष्टा आहे? माणसं कुणीही फसवतं.

मात्र आता प्रकरण गळ्याशी आलंय. गमतीपायी छाती फाडून घेऊ? सांगून टाकावं. चाचपडीचा सत्कार जाईल, माझं काम जाईल, पण छाती तरी शाबूत राहील. ठरलं. आधी चाचपडीला सांगायचं, मग मॅडमना, मग डॉक्टरांना.

१७ तारीख, सोमवार

सरावाच्या खोलीत गेलो. चाचपडी एकटीच होती, अर्ध्या मामाला पुसत होती. अर्धा मामा म्हणजे छाती दाबायचा सराव करायचा रबरी पुतळा. त्याला कमरेखाली काही नाही.

"या काका," ती म्हणाली. अजून काकाच म्हणते. मी तिच्यापेक्षा वर्षानं मोठा असेन.

"तुला एक सांगायचंय. त्या दिवशीचं."

"आधी मी सांगते. त्या दिवशी माझी बॅग भरून तयार होती. नापास झाले की बाबा परत न्यायला येणार होते, त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला. खिळे मोजायला. मला स्वतःलाच वाटत होतं, न्यावं. ज्या बोटांना नाडी सापडत नाही, त्यांनी खिळेच मोजावेत."

"हं."

"तुमचं मनगट धरलं आणि खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या बोटांना नाडी लागली. स्पष्ट. टक, टक, टक. मी इतकी खूष झाले! आणि तेवढ्यात ती गेली. हातातून गेली, काका. आधीची मी असते तर म्हटलं असतं, माझंच चुकतंय, आणि बहात्तर लिहिलं असतं. पण या वेळी बोटं म्हणाली, नाही, नाहीये. मी गळ्याला हात लावला. तिथंही नव्हती. मग चढले खाटेवर."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. बिचारी. परत चुकली होती, आणि चुकलीय हे तिला माहीतच नव्हतं. आत मी सहा-सात-आठ मोजत पडलेला, नाडी चालू, आणि हिला सापडली नाही, एवढंच. एरवीसारखं.

"तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही. बरगडी बरी आहे."

ती हसली आणि न विचारता माझं मनगट धरलं. बोटं अजिबात थरथरत नव्हती. डोळे मिटून मोजायला लागली. मधेच कपाळाला आठी पडली. "आत्ता एक चुकला," म्हणाली. "एकवीसला नक्की जा हं, काका. मीपण त्याच वॉर्डात असणार आहे."

हा चुकलेला ठोका मी मुद्दाम केला नव्हता. पण आता मला सवयच लागलीय.

२० तारीख, गुरुवार

सत्कार झाला. मला माहीत नव्हतं, मलापण स्टेजवर बोलवणार होते. वाचलेला माणूस म्हणून दोन शब्द. हातात कार्ड नाही. वय काय, दुखतं कुठं, लपवायचं काय, काही लिहिलेलं नाही. मिशासुद्धा नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणून उभा राहिलो.

खरं सांगायचं तर सगळ्यांसमोर कबूल करून टाकायचं ठरवूनच चढलो होतो. तिथं तोंड उघडलं की सुटलो. यंत्र नको, वॉर्ड नको.

पहिल्या रांगेत चाचपडीचे बाबा होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, मांडीवर दोन्ही हात. बोटं काळवंडलेली, लोखंडाची. ते माझ्याकडे असे बघत होते, की मी काय बोलतो त्यावर त्यांचं काहीतरी ठरणार आहे. त्यांच्या मागं आई बसलेली. तिच्या शेजारी महाराज, मान पुढं काढून, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला बसल्यासारखे.

मी म्हणालो, "मी गेलो होतो. हिनं मला परत आणलं."

बस. एवढंच. इतकी मोठी थाप मी उभ्या जन्मात मारली नव्हती. आणि गंमत अशी, की एका थापेला मी नेहमी आणखी चार जोडतो, आज एकही जोडावीशी वाटली नाही. टाळ्या वाजल्या. चाचपडीचे बाबा उभे राहून त्या काळ्या हातांनी डोळे पुसत होते. खाली उतरलो तर त्यांनी मला घट्ट धरलं आणि म्हणाले, "पोरीला दुकानात बसवणार होतो हो मी." आणि हसत रडत बसले.

महाराजांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "आज तू पहिल्यांदा नट नव्हतास."

बोलणं लागलं मला. एवढं काळीज पिळवटून काम केलं, आणि हे असं. म्हातारपणी डोळे जातात, जाणही जाते. पण काय सांगू, जिना उतरताना अंग इतकं हलकं वाटत होतं, की काहीतरी वर विसरून आलो की काय, म्हणून दोनदा खिसे चाचपले.

आता माघार नाही. सोंग घेतलंय तर शेवटपर्यंत न्यायचं. डॉक्टरांना काही सांगायचं नाही. छातीत यंत्र बसवून घ्यायचं. एका गमतीसाठी एवढी किंमत मोजणारा नट माझ्याशिवाय दुसरा सापडणार नाही.

२१ तारीख, शुक्रवार, सकाळ

दवाखान्यातला हिरवा गाऊन, मागून उघडा. वही उशीखाली लपवून आणलीय. आई खुर्चीवर बसलीय, तिला सांगितलंय की शाळेचा अभ्यास आहे. तिचा विश्वास बसलेला नाही.

मला भीती वगैरे नाही. डॉक्टर म्हणाले, तासाभराचं काम आहे, यापुढं म्हातारा होईपर्यंत जगशील. मी मनात म्हटलं, तेवढं तर मी तसाही जगणार होतो.

आता तुम्हाला सांगायचंय. जो कुणी ही वही वाचतोय त्याला. वाचलंत, ठीक आहे, माझ्या उशीखाली हात घातलात त्याबद्दल रागवत नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीपण वाचली असती. पण पाया पडतो, हे कुणाला सांगू नका. मॅडमना नाही, डॉक्टरांना तर मुळीच नाही. आईला सांगितलंत तर मी मेलोच. आणि चाचपडीला, देवाशपथ, चाचपडीला कधीही नाही. तिच्या बोटांना वाटतंय की त्यांना कळतं. आज सकाळी तिनं अख्ख्या वॉर्डाच्या नाड्या घेतल्या. अठ्ठावन्न, एक्याऐंशी, नव्वद, चौसष्ट. एकही बहात्तर नाही. तिला जर कळलं की त्या दिवशी मी आत मजेत आकडे मोजत होतो, तर ती बोटं परत थरथरायला लागतील, आणि मग ज्याचा कुणाचा ठोका खरंच चुकेल, त्याचं काय? एक गंमत केली, तिचे हे दोन-चार चांगले परिणाम झालेत, ते राहू द्या. माझं नाव खराब झालं तरी चालेल, म्हणजे झालेलंच आहे. पण एवढं पोटात ठेवा. हात जोडतो. एक हात जोडतो, कारण दुसरा तिनं आत्ताच येऊन धरलाय. डोळे मिटलेत तिनं. मोजतेय. तुम्ही काही बोलू नका.